तीन ठोक्यांचं टेबल

"अब्बू, टेबल सुटं करता आलं पाहिजे," माहेनूर म्हणाली, आणि गुलजार मिस्त्रींच्या कपातला चहा बशीत उतरला.

बिबवेवाडीत छत्तीस वर्षं फर्निचर करणाऱ्या माणसाला हे वाक्य गोड लागणं शक्यच नव्हतं. मिस्त्रींनी केलेलं कपाट एकदा भिंतीला लागलं की ते त्या भिंतीचं होऊन जाई. घर बदलताना लोक गाद्या, भांडी, कुंड्या सगळं नेत आणि मिस्त्रींचं कपाट नव्या मालकाला ठेवून जात. नट-बोल्ट आवळून उभ्या राहणाऱ्या टेबलांना ते फर्निचर म्हणतच नसत. "खोक्यातून आलंय, खोक्यातच जायचं," एवढं बोलून विषय संपवत.

पण चहा सांडला तो या कारणाने नाही. टेबल सुटं कशासाठी करायचं, हे त्यांना न विचारताच कळलं होतं. माहेनूर हडपसरला एका कंपनीत होती. पाच वर्षं तिचं काम एकच, दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. त्यात ती इतकी तयार झाली होती की बंगळुरूच्या मोठ्या ऑफिसात एका टीमची प्रमुख म्हणून तिचं नाव पुढे गेलं होतं. शेवटची मुलाखत पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी अकरा वाजता, घरूनच कॉम्प्युटरवर. पास झाली की महिन्याभरात मुक्काम बंगळुरू.

"म्हणजे मुलाखतीआधीच सामान बांधायला काढलंस," मिस्त्री म्हणाले.

"सामान नाही अब्बू, टेबल."

"टेबल कुठे जात नसतं. माणसं जातात."

"म्हणून तर सुटं हवं. मी जिथे जाईन तिथे तुमच्या हातचं टेबल येईल."

सगळ्या बिबवेवाडीला टेबलं पुरवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात टेबल नव्हतं. माहेनूर दहावीत गेली तेव्हा "या दिवाळीनंतर करून टाकतो" असं ते म्हणाले होते. मग गिऱ्हाइकांची घाई, मग आणखी गिऱ्हाइकं. पोरीने दहावी, बारावी, इंजिनिअरिंग आणि पाच वर्षांची नोकरी अम्मीच्या, म्हणजे जरीनाच्या, शिलाई मशीनच्या झाकणावर वही आणि नंतर लॅपटॉप ठेवून केली. जरीनाला ब्लाउज शिवायचं असलं की आधी कंपनीच्या मीटिंगची वेळ विचारावी लागे.

"बरं, दाखव काय काय हवंय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

माहेनूरने कागदच पुढे केला. टेबल साधंच होतं, सागवानी, पाच फुटी. गंमत होती ती दिव्यांत. मागच्या कडेला एक लांब खाच, खाचेत दिव्यांची पट्टी, वर दुधी ॲक्रिलिक. दिवा दिसायचा नाही, फक्त उजेड दिसायचा. आणि तो उजेड बसणाऱ्याचं ऐकणार होता.

"बटण कुठेय?" मिस्त्रींनी विचारलं.

"बटण नाही. फळीखाली नाण्याएवढा सेन्सर लावायचा. टेबलावर टकटक केलं की त्याला कळतं. एक ठोका दिला की पांढरा उजेड, कामाचा. दोन दिले की दाराबाहेर लाल दिवा, म्हणजे मीटिंग चालू आहे, अम्मीने भाजी कुठली करू विचारायला आत यायचं नाही. आणि तीन ठोक्यांना सगळे रंग. लाल, हिरवा, निळा, धावत सुटणार."

"तिसऱ्याचं काम काय?"

"त्याचं काम काहीच नाही," माहेनूर म्हणाली. "ते तुमचे तीन."

गुलजार मिस्त्रींची एक सवय होती. कुठलंही काम पुरं झालं की ते बोटाच्या पेराने त्यावर तीन ठोके देत. ठक, ठक, ठक. मग मान वाकडी करून क्षणभर ऐकत आणि "हं" म्हणत. हा "हं" आला की काम गिऱ्हाइकाकडे जायला मोकळं. स्वतः केलेल्या वस्तूजवळून तर ते ठोका न देता पुढे जाऊच शकत नसत. लग्नाला गेले तरी आहेराच्या पाकिटाआधी यजमानाच्या शोकेसवर ठोके पडत. माहेनूर चार वर्षांची असताना कारखान्यात भुशाच्या ढिगावर बसून हे ठोके मोजायची आणि बापाच्या आधी "हं" म्हणायची.

"आणि कुणी ठोका दिला की माझ्या मोबाइलवर नोंद येते," माहेनूर सांगत होती. "किती वाजता, किती ठोके, सगळं."

"चहाडखोरच आहे की तुझं टेबल," जरीना स्वयंपाकघरातून म्हणाली.

पुढचे दहा-बारा दिवस मोठे आनंदात गेले. माहेनूर संध्याकाळी ऑफिसहून थेट कारखान्यात यायची. खाच आठ मिलिमीटरची की दहाची यावरून बापलेकीचं दोन दिवस वाजलं. हे घर प्रेमाने मराठीत बोलायचं आणि भांडताना दख्खनीत शिरायचं, त्यामुळे शेजारच्या लेथवाल्याला आतल्या हवामानाचा अंदाज भाषेवरून येई. शेवटी खाच नऊची झाली. पॉलिशचा शेवटचा हात बसला, पट्टी बसली, मिस्त्रींनी तीन ठोके दिले आणि टेबलाची मागची कड रंगांनी धावत सुटली. मिस्त्री "हं" म्हणायचं विसरले. ते माहेनूरने म्हटलं.

आता फक्त पाय आणि फळी जोडणारे सोळा बोल्ट लावायचे राहिले होते. ते मिस्त्रींच्या खिशात होते.

शुक्रवारी माहेनूर ऑफिसला गेली आणि मिस्त्रींनी टेबल तिच्या खोलीत आणलं. खोली लहान, एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची भिंत. टेबल त्या भिंतीला लागणार होतं. मिस्त्री खिशातले बोल्ट हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. सोळा बोल्ट. पान्याने सोडवायला वीस मिनिटं. वीस मिनिटांत टेबल खोलीबाहेर, आणि टेबलामागून पोरगी. त्यांनी बोल्ट परत खिशात टाकले आणि खाली जाऊन सहा होल्डफास्ट आणि अर्धं घमेलं सिमेंट घेऊन आले.

होल्डफास्ट म्हणजे दाराची चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. दार शंभर वर्षं उघडलं-मिटलं तरी चौकट हलू नये म्हणून ती असते. टेबलाला ती लावल्याचं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

जरीना दारात येऊन उभी राहिली.

"टेबल बसवताय की दार?"

"हलायला नको. मुलाखत आहे तिची."

"ती सुटं म्हणाली होती ना?"

"दिसायला सुटंच दिसेल," मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाले.

आणि त्यांनी आयुष्यातली पहिली लबाडी केली. पायांच्या पुढच्या बाजूला चार चकचकीत बोल्ट बसवले, ज्यांच्या मागे काहीच नव्हतं. बाकी सांध्यांना सरस पाजला. सिमेंट दिसू नये म्हणून मागे सनमायकाची पट्टी मारली. दिव्यांचा प्लग नेमका टेबलामागच्या बोर्डात होता, तोही त्या पट्टीआड गेला. जरीना सगळं पाहत होती. "टेबलालाच बांधताय ना?" एवढंच तिने विचारलं. मिस्त्रींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

संध्याकाळी माहेनूर आली, बोल्टवरून बोट फिरवलं आणि बापाच्या गळ्यात पडली. मिस्त्रींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी पावणेअकरापासून घरात कर्फ्यू लागला. जरीनाला सांगितलं होतं, बोलायचं नाही, मोबाइल बंद, टीव्ही बंद, बेल वाजली तर मिस्त्रींनी दार उघडायचं. अकराला माहेनूरने टेबलावर दोन ठोके दिले, बाहेर लाल दिवा लागला. मग एक दिला. दाराच्या वरच्या काचेतून पांढरा स्वच्छ उजेड पॅसेजमध्ये पडला. आतून तिचं इंग्रजी ऐकू यायला लागलं. मिस्त्रींना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण चाल कळत होती. चाल चांगली होती.

जरीनाने दिलेला शब्द पाळला. एक अक्षर बोलली नाही. फक्त, चार दिवस घरात नसलेलं आलं सकाळीच आणलं होतं, आणि पोरगी बाहेर आली की तिला चहा लागेल म्हणून तिने ओट्यावर खलबत्ता घेतला आणि ते कुटायला सुरुवात केली.

ओट्याचा कडप्पा त्याच भिंतीत रुतलेला होता. कडप्प्यातून ठोके भिंतीत गेले, भिंतीतून होल्डफास्टमध्ये, होल्डफास्टमधून फळीत, आणि फळीखालच्या नाण्याएवढ्या सेन्सरला वाटलं, मिस्त्री आले. दाराच्या काचेतून लाल, हिरवा, निळा उजेड पॅसेजभर धावू लागला. आतलं इंग्रजी अडखळलं.

मिस्त्रींना क्षणभर काही उमजेना. मग त्यांच्या कानावर खलबत्ता आला, आणि छत्तीस वर्षं लाकडात आवाज कसा जातो हे ऐकणाऱ्या माणसाला सगळा मार्ग एका दमात दिसला. ते स्वयंपाकघरात धावले आणि त्यांनी जरीनाच्या हातातला बत्ता धरला.

"आलं नको!"

"बोलतेय का मी?" जरीना कुजबुजली.

"तू नाही बोलत. भिंत बोलतेय."

आत माहेनूरने एक ठोका दिला. उजेड पुन्हा पांढरा झाला. मिस्त्रींनी कपाळ पुसलं. तेवढ्यात काचेत पुन्हा हिरवा, निळा, लाल. जरीनाचे दोन्ही हात तिच्या ओढणीत होते. तिने ते वर करून दाखवले.

"मग कोण?"

दोघांनी एकदम छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर, याच भिंतीला लागून, सत्यशीलाबाईंचं स्वयंपाकघर होतं, आणि आज सोमवार होता. सत्यशीलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी उपासातून निवृत्त झाल्या नव्हत्या.

"ती दिवे बंद का करत नाही सरळ?" जरीनाने विचारलं.

"प्लग टेबलामागे आहे."

"मग टेबल ओढून..." जरीना म्हणाली आणि थांबली. मिस्त्री जिन्याकडे पळाले.

सत्यशीलाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात बत्ता होता.

"ताई, जरा दाण्याचं कूट थांबवता का? अर्धा तास फक्त."

"का? कोणी आजारी आहे का तुमच्याकडे?"

"नाही, मुलाखत आहे."

"कुटाची?"

"माहेनूरची. बंगळुरूच्या नोकरीची."

"मग बंगळुरूला खलबत्ता वाजतोय का माझा?"

"मिक्सरवर काढा ना आजच्या दिवस," मिस्त्री काकुळतीला आले.

"मिक्सरमधून निघतं त्याला कूट म्हणत नाहीत. पीठ म्हणतात."

मिस्त्रींनी मग सगळं सांगितलं, सेन्सर, ठोके, रंग. होल्डफास्टचं तेवढं गाळलं. बाईंनी ते शाळेतल्या मुलाची गैरहजेरीची सबब ऐकावी तसं ऐकून घेतलं.

"माझ्या कपाटाच्या वेळी तर म्हणाला होतात, भूकंप आला तरी हलणार नाही. आणि हे टेबल शेंगदाण्याने हलतं?" त्यांनी बत्ता खाली ठेवला. "पोरीचं आहे म्हणून थांबते. अकरा चाळीसला पुन्हा सुरू करणार. घड्याळ लावून."

"फार उपकार झाले ताई."

"पास झाली तर जाणार ना ती?"

"जाणारच."

"आणि तिने जावं म्हणून तुम्ही गुडघे धरून जिने चढताय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. यावेळी आवाजात खवचटपणा नव्हता. "जा खाली. धाप लागलीये तुम्हाला."

मिस्त्री दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून उभे राहिले. शुक्रवारी याच माणसाने पोरीला धरून ठेवायला भिंतीत सिमेंट भरलं होतं. आणि सोमवारी तोच माणूस इमारतभर लोकांच्या हातातले बत्ते काढून घेत हिंडत होता, पोरगी सुटावी म्हणून. आपल्याला नेमकं काय हवंय, हे त्यांना त्या पायरीवर पहिल्यांदा नीट कळलं. ती जायला नको होती. पण ती हरायला तर मुळीच नको होती. आणि आपल्या लबाडीमुळे हरायला तर नाहीच नाही.

खाली आले तेव्हा काचेतून पांढरा उजेड पडत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उजेड पांढराच. आतलं इंग्रजी पुन्हा लयीत आलं होतं, मधूनच कुणीतरी हसत होतं. स्वयंपाकघरात नवरा-बायको एकमेकांकडे बघत मुकाट बसले होते. अकरा पस्तीस झाले. आता संपत आलं असणार. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. त्यांनी मोठा श्वास सोडला, उठले आणि ओट्यावरच्या, त्यांनी स्वतः केलेल्या मसाल्याच्या फडताळावर समाधानाने तीन ठोके दिले.

ठक, ठक, ठक. मान वाकडी.

जरीनाने कपाळावर हात मारला. फडताळ त्याच भिंतीवर होतं. काचेतून सगळे रंग धावत बाहेर आले.

आतून एका बाईचा आवाज काहीतरी विचारत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खाली वाकून बोलावं तसा माहेनूरचा दबका आवाज, मग पुन्हा वर. ती भरभर इंग्रजीत सांगत होती, आणि त्या सगळ्या इंग्रजीतून मिस्त्रींना तीन शब्द लख्ख कळले, कारण ते त्यांच्या धंद्यातले होते. "वॉल", "सिमेंट" आणि "होल्डफास्ट".

"अब्बू," दारामागून हाक आली, "जरा आत या."

दाराबाहेरचा लाल दिवा माहेनूरने विझवला होता, पण मिस्त्रींना तो अजून दिसत होता. ते आत गेले. कानावर पेन्सिल, पायात स्लीपर. सनमायकाची पट्टी एका कोपऱ्यात उचकटलेली होती. माहेनूर त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून रंग धावत असल्यामुळे ती रागावली आहे की काय ते कळत नव्हतं. पडद्यावर तीन माणसं होती. मधल्या मॅडमचं नाव ऋचा होतं आणि माहेर पुण्याचं होतं, त्यामुळे त्या मराठीत बोलल्या.

"नमस्कार मिस्त्री. आम्ही तुमच्या मुलीला शेवटचा प्रश्न तिच्या दिव्यांवरच विचारला. म्हटलं, चुका शोधणं तुझं काम, ही शोधून दाखव. ती म्हणते, दिवे बरोबर आहेत, सेन्सर बरोबर आहे, टेबल भिंतीत आहे. आणि ते भिंतीत असायला नको होतं."

"बरोबर आहे तिचं," मिस्त्री म्हणाले. "सहा होल्डफास्ट आहेत. पुढचे बोल्ट खोटे आहेत. छत्तीस वर्षांत मी खोटं काम केलं नव्हतं, हे पहिलं."

"पण का?"

मिस्त्रींनी टेबलाच्या कडेला हात लावला.

"टेबल इथेच राहावं म्हणून. म्हटलं, टेबल राहिलं तर..." त्यांनी खोट्या बोल्टवरून बोट फिरवलं. "पण मॅडम, ही चूक माझी. तिच्या नावावर लिहू नका. टेबल आता हलायचं नाही, तेवढं मी पक्कं केलंय. पोरीला मी भिंतीत बसवलेलं नाही. ती येईल तिकडे. आणि चांगलं काम करेल."

ऋचा मॅडमनी लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं. बाकी दोघांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही ठेवलं. मिस्त्रींचा हात सवयीने ठोका द्यायला वर गेला होता, तो त्यांनी खिशात घातला. माहेनूरने नाक ओढलं, टेबलावर एक ठोका दिला, आणि पांढऱ्या उजेडात दिसलं की ती रागावलेली नव्हती.

बरोबर अकरा चाळीसला वरून खलबत्ता सुरू झाला आणि मुलाखत रंगीत उजेडात संपली.

गुरुवारी पत्र आलं. निवड झाली होती. मिस्त्री पेढे घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर गेले. "अभिनंदन," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्या कुटाला परवानगी आहे ना?" आणि दार लावून घेताना डोळे पुसल्यासारखं केलं.

रविवारी मिस्त्री हातोडा-छिन्नी घेऊन खोलीत शिरले.

"काय करताय?"

"काढून देतो तुला. भिंत फुटेल थोडी, परत लिंपीन."

माहेनूरने छिन्नी काढून घेतली. "राहू दे अब्बू. इतकं पक्कं बसवलंय तर राहू दे. मला दुसरं करून द्या. बोल्टचं." आणि दारातून जाता जाता म्हणाली, "यावेळी खरे बोल्ट."

दुसरं टेबल झालं. सोळा खरे बोल्ट, प्रत्येक भागावर पेन्सिलीने आकडा. ते सुटं करून पुन्हा जोडायची परीक्षा मिस्त्रींनी माहेनूरकडून तीनदा घेतली आणि तिसऱ्या वेळी तोंड वाकडं करून का होईना, "हं" म्हणाले. महिन्याअखेरीस टेबल, माहेनूर आणि तिच्या दोन बॅगा बंगळुरूला गेल्या.

घर शांत झालं. जरीनाला ब्लाउज शिवायला वेळच वेळ होता, आणि ब्लाउज शिवावंसं वाटत नव्हतं. भिंतीतलं टेबल जिथल्या तिथे होतं. प्लग मागे अडकलेला, त्यामुळे दिवे चालूच. रोज सकाळी जरीना चहाचं आलं कुटायची आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीत रंग धावायचे. मिस्त्री पॅसेजमध्ये दाढी करायला बसत, तिथून काच दिसे. दाढीला हल्ली वेळ लागायचा.

एकदा फोनवर माहेनूर म्हणाली, "अम्मी, मंगळवारी चहा नव्हता का? बरी आहेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"मोबाइलवर येतं ना. सात वीसला तुझे ठोके येतात. मग मी उठते. मंगळवारी आलेच नाहीत, ऑफिसला उशीर झाला."

"आलं संपलं होतं ग," जरीना म्हणाली. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, पण ते वाचत नव्हते.

पुढच्या आठवड्यात जरीना दोन दिवसांसाठी मांजरी गावात बहिणीकडे गेली. परत आली तर स्वयंपाकघराला आल्याचा घमघमाट सुटला होता. ओट्यावर एक वाडगा भरून कुटलेलं आलं, त्याच्या शेजारी दुसरा वाडगा, तोही भरलेला. मिस्त्री खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो, हे काय? अर्धा किलो आलं कुटलंय! चहा तरी किती केलात?"

"चहा टपरीवर घेतला. मला कुठे येतो चहा करायला?"

"मग हे कोणासाठी?"

तेवढ्यात जरीनाचा मोबाइल वाजला. माहेनूरचा निरोप होता. जरीनाने तो मोठ्याने वाचला.

"अम्मी, पोचलीस का घरी? अब्बूंना सांग, आलं पुरे झालं. तीन ठोके, मग थांबून ऐकायचं, परत तीन ठोके, असं आलं जगात दुसरं कोणी कुटत नाही. काल मीटिंगमध्ये एकवीस वेळा आलं. शनिवारी सकाळी येते. चहा तू कर."

जरीनाने मोबाइल खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तिला ये म्हणून सांगितलंत?"

"मी? मी एक शब्द बोललो असेन तर विचार तिला."

हे अगदी खरं होतं. मिस्त्री उठले, दोन्ही वाडग्यांवर ताटल्या झाकल्या आणि फ्रीज उघडून उभे राहिले.

"शनिवारपर्यंत टिकेल ना ग हे?" त्यांनी विचारलं.